प्लँटेड टाकीतील तळाची हीटिंग केबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणवनस्पतींची टाकी उभारताना तळाच्या थराखाली हीटिंग केबल अंथरावी की नाही, हा प्रश्न नवीन टाकी लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येतो. परदेशी लेखांतून ही केबल कधी अत्यावश्यक, तर कधी निव्वळ थोतांड म्हणून समोर येते. पुढील उत्तरे या दोन्ही टोकांपासून दूर राहून, उष्णता आणि पाणी यांच्या साध्या हिशेबावर आणि आपल्याकडील हवामानावर बेतलेली आहेत.

ही केबल म्हणजे नेमके काय, आणि नेहमीच्या हीटरपेक्षा ती वेगळी कशी?

नेहमीचा हीटर काचेच्या नळीत बंद असतो आणि पाण्यात उभा किंवा आडवा लावला जातो. तो थेट पाणी तापवतो. तळाची केबल ही सिलिकॉन किंवा तत्सम आवरणातील लवचीक, कमी वॅटची तार असते. ती टाकीच्या तळकाचेवर नागमोडी अंथरून तिच्यावर खडी, वाळू किंवा माती पसरतात. पाणी तापते ते शेवटी याच उष्णतेने, पण ती उष्णता आधी तळाच्या थरातून वर येते. केबलच्या दोन्ही टोकांना काही अंतर न तापणारी जाड तार असते, आणि थराबाहेर फक्त तेवढाच भाग यायला हवा.

ही कल्पना आली कुठून?

ती जर्मनीतून आली. कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर यांनी उभ्या केलेल्या ‘डुप्ला’ या कंपनीने तिचा प्रसार केला. आशियातील उष्ण प्रदेशांत क्रिप्टोकोरायनसारख्या वनस्पती ज्या ओढ्यांत वाढतात, तेथे ओढ्याच्या तळातून भूजल हळूहळू वर झिरपते आणि त्यात विरघळलेले लोह असते, या निरीक्षणावर त्यांची मांडणी उभी होती. टाकीत हा झिरपा निर्माण करण्यासाठी तळाशी मंद उष्णता द्यायची, खालच्या थरात लॅटेराइट ही लोहयुक्त लाल माती मिसळायची, वर कार्बन डायऑक्साइड आणि चांगला प्रकाश द्यायचा, अशी ती पूर्ण पद्धत होती. १९८०च्या दशकात ती युरोपात रुजली आणि १९९०च्या दशकात अमेरिकेतील छांदिष्टांमध्ये तिच्यावर बरेच वाद झाले. नंतर पोषक द्रव्ये आधीच भरलेली दाणेदार माती बाजारात आली आणि केबलचे महत्त्व ओसरत गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जो माणूस त्या काळी महागडी केबल विकत घेई, तोच बहुधा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, चांगले दिवे, लॅटेराइट आणि खतेही घेत असे. टाकी बहरली की श्रेय मात्र सगळ्यांत नवलाईच्या वस्तूला, म्हणजे केबलला मिळे. माझ्या मते केबलच्या ख्यातीचा मोठा भाग या उसन्या श्रेयाचा आहे.

केबलमुळे तळातील पाणी खरोखर फिरते का?

फिरते, परंतु किती फिरते हे जवळजवळ पूर्णपणे दाण्याच्या आकारावर ठरते, आणि याच मुद्द्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

केबलच्या लगतचे पाणी थोडे गरम झाले की हलके होऊन वर सरकू पाहते आणि केबलच्या दोन वेढ्यांमधील थंड भागातून वरचे पाणी खाली येऊ पाहते. मोकळ्या पाण्यात हे सहज घडते. दाण्यांच्या फटींतून मात्र पाण्याला वाट काढावी लागते, आणि थराची पारगम्यता दाण्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे दाण्याचा व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट सहज वाहते. अर्धा मिलिमीटर दाण्याची बारीक वाळू घेतली आणि केबलवरील व वेढ्यांमधील भागांत एक अंशाचा फरक धरला, तर हिशेबाने पाण्याचा वेग दिवसाला जास्तीत जास्त पाच-सहा सेंटिमीटर येतो. त्याच परिस्थितीत दोन मिलिमीटरची खडी घेतली तर हाच आकडा सोळापट होऊन दिवसाला जवळजवळ एक मीटरवर जातो. प्रत्यक्षातील वेग याहून कमीच असतो, कारण सडलेली पाने, मुळे आणि गाळ फटी बुजवत जातात.

दिवसाला पाच सेंटिमीटर हा वेग नगण्य वाटेल, पण त्याची तुलना विसरणाशी, म्हणजे विरघळलेले कण आपोआप पसरण्याच्या क्रियेशी करायला हवी. फक्त विसरणाने एखादे पोषक द्रव्य पाच सेंटिमीटर खोल उतरायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून बारीक वाळूतही केबलचा परिणाम शून्य नसतो. दुसऱ्या बाजूला, तीन-चार मिलिमीटरच्या जाड खडीत फिल्टरचा प्रवाह दगडांवर आणि चढउतारांवर आदळून स्वतःच थरात पाणी ढकलत असतो, आणि तेथे केबलची भर त्या गोंधळात हरवून जाते.

हे घरच्या घरी पाहता येते का?

पाहता येते. खाण्याचा रंग टाकीच्याच पाण्यात बराच पातळ करून घ्यावा आणि थराच्या तापमानाला येऊ द्यावा, नाहीतर रंगाचे स्वतःचे वजन आणि गारवा त्याला खाली ओढतात आणि निष्कर्ष फसतो. मग बारीक सुईच्या सिरिंजने, पुढच्या काचेला लागून, केबलच्या वेढ्याच्या अगदी वर, थराच्या मध्यावर दोन थेंब अतिशय सावकाश सोडावेत. काचेवर मार्करने ठिपक्याभोवती रेघ मारून ठेवावी. जाड खडीत काही तासांतच ठिपक्याला वरच्या दिशेने शेपूट फुटलेले दिसते आणि संध्याकाळपर्यंत रंग पृष्ठभागावर येऊन नाहीसा होतो. बारीक वाळूत दुसऱ्या दिवशी ठिपका सगळ्या बाजूंनी विटलेला आणि जेमतेम वर सरकलेला आढळतो. दोन वेढ्यांच्या मधोमध दुसरा ठिपका सोडून दोन्हींची तुलना केली तर चित्र अधिक स्पष्ट होते.

पाणी फिरले तर वनस्पतींना त्याचा उपयोग काय?

तळाच्या थरात वरचे एक-दोन सेंटिमीटर सोडले की प्राणवायू झपाट्याने कमी होतो. प्राणवायू नसलेल्या भागात जिवाणू गंजाच्या रूपातील न विरघळणारे लोह विरघळणाऱ्या रूपात आणतात. मँगनीजचेही तसेच होते. मुळांना हे रूप सहज उचलता येते. शिवाय पाण्यातील अमोनियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतात. मंद प्रवाह असेल तर वरच्या पाण्यातील ही द्रव्ये थरापर्यंत पोहोचत राहतात आणि मातीचा साठा पुन्हा भरत जातो.

यातील ‘मंद’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रवाह जोराचा झाला तर तो प्राणवायूही खाली नेतो, लोह पुन्हा गंजते आणि साधायचे तेच बिघडते. तळाच्या थरातून पाणी ओढून गाळणाऱ्या अंडरग्रॅव्हल फिल्टरवर मुळांवर जगणाऱ्या वनस्पती अनेकदा रोडावतात, त्याचे एक कारण हेच आहे. म्हणून केबल आणि अंडरग्रॅव्हल फिल्टर एकाच टाकीत कधीही लावू नयेत, कारण एकाने जे मंदपणे करायचे ते दुसरा धुऊन काढतो.

मुळे उबदार राहिली की वनस्पती जोमाने वाढतात, असे म्हणतात. ते खरे आहे का?

थंड देशांत त्यात तथ्य आहे. युरोपातील हिवाळ्यात गार फरशीवर किंवा तळघरात ठेवलेल्या टाकीत पाणी हीटरने २५ अंशांवर राहते, पण तळाचा थर त्याहून एक-दोन अंश गार असू शकतो, आणि मुळांचे काम त्यामुळे मंदावते. केबल ही तफावत भरून काढते.

थर पाण्याइतकाच उबदार असेल, तर आणखी दोन अंश वाढवून फारसे काही हाती लागत नाही. जिवाणूंच्या आणि मुळांच्या क्रियांचा वेग ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होतो, असे धरले तर दोन अंशांनी तो सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. त्यात लोह सुटण्याचा वेग जसा येतो, तसाच सडण्याचा आणि प्राणवायू संपण्याचा वेगही येतो. २९-३० अंशांच्या पाण्याखाली ३२ अंशांचा थर ही मुळांची सोय नसून त्यांच्यावरचा ताण आहे.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या केबलची गरज आहे का?

बहुतेकांना नाही.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी येथे घरातील टाकीचे पाणी वर्षातील बहुतेक महिने २६ ते ३१ अंशांच्या दरम्यान राहते. केबल थर्मोस्टॅटला जोडून तो २५ अंशांवर लावला, तर ती जवळजवळ वर्षभर बंदच राहील. बंद केबल म्हणजे वाळूत पुरलेली एक निरुपयोगी तार, तिच्याकडून पाणी फिरवण्याची अपेक्षा करता येत नाही. थर्मोस्टॅट काढून ती सतत चालू ठेवली, तर पाणी आणखी तापेल. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी सुमारे १९० लिटरची झाकलेली टाकी खोलीपेक्षा एक अंश गरम ठेवण्यासाठी साधारण १० वॅट उष्णता लागते. म्हणजे ५० वॅटची केबल चोवीस तास चालली तर पाणी खोलीपेक्षा चार-पाच अंश वर जाऊन बसेल, आणि मे महिन्यातील ३१ अंशांच्या खोलीत ते ३५ अंशांपर्यंत पोहोचेल. हे वनस्पतींना नको, माशांना तर नकोच.

विदर्भात उन्हाळ्याचा प्रश्न मुळातच थंड करण्याचा आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथील कोरड्या हवेत पाण्यावर पंख्याचा झोत सोडला तर बाष्पीभवनाने पाणी, माठातल्या पाण्याप्रमाणे, काही अंश उतरते. मुंबईच्या दमट हवेत तोच पंखा तितका उपयोगी पडत नाही. तेथे चिलरचा खर्च केबलपेक्षा आधी करावा लागतो.

अपवाद आहेत. नाशिक, निफाड, महाबळेश्वर, पुण्याचा बाहेरचा पट्टा, किंवा गच्चीला लागून असलेली उत्तरेकडची खोली, अशा ठिकाणी डिसेंबर आणि जानेवारीत टाकीचे पाणी २० अंशांच्या आसपास उतरते. तेथे हीटर लागणारच असेल, तर हीटरच्या कामाचा काही भाग केबलकडे सोपवणे वावगे नाही. मात्र दोन-अडीच महिन्यांच्या गरजेसाठी थराखाली कायमची तार पुरायची का, याचा निर्णय विचार करून घ्यावा. मी स्वतः तेथेही साध्या हीटरलाच पसंती देईन, कारण तो बिघडला तर पाच मिनिटांत बदलता येतो.

आम्ही जर्मनीत, कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये राहतो. आमच्यासाठी उत्तर वेगळे आहे का?

होय. खोली १८ ते २० अंशांवर राहत असेल किंवा टाकी तळघरात असेल, तर वर्षातील मोठा काळ काही ना काही उष्णता द्यावीच लागते, आणि ती तळातून दिल्याने काहीही बिघडत नाही. तेथे केबल अधिक तास चालते, म्हणून तिचा जो काही परिणाम व्हायचा तो होऊ शकतो. टाकीच्या तळाखाली आणि मागील काचेवर थर्मोकोल लावला तर वीजही वाचते. आज एलईडी दिवे पाण्यात फारशी उष्णता सोडत नाहीत. पूर्वीच्या मेटल हॅलाइडच्या दिव्यांखाली केबल दिवसा बंद आणि रात्रीच चालू, असे घडत असे.

किती वॅटची केबल घ्यावी?

आधी टाकीला एकूण किती उष्णता लागते ते पाहावे, मग त्यातला फक्त आधाराचा भाग केबलकडे द्यावा. वर सांगितलेली तीन फुटी टाकी २० अंशांच्या खोलीत २५ अंशांवर ठेवायची असेल तर सुमारे ५० वॅट लागतात. अशा वेळी २५ ते ३० वॅटची केबल सतत चालू ठेवावी आणि उरलेले काम थर्मोस्टॅटवरील साध्या हीटरने करावे. केबलची क्षमता गरजेपेक्षा कमी असली की ती सतत चालू ठेवता येते आणि तळातील मंद प्रवाह खंडित होत नाही. गरजेपेक्षा मोठी केबल घेतली तर ती थोडा वेळ जोरात तापून बराच वेळ बंद राहते, आणि हे उलटे काम होते.

५० वॅटची केबल चोवीस तास चालली तर दिवसाला १.२ युनिट आणि महिन्याला ३६ युनिट वीज जाते. बिलाचा अंदाज ज्याने त्याने आपल्या स्लॅबवरून काढावा.

केबल कशी अंथरावी?

टाकी रिकामी आणि कोरडी असताना. सोबत आलेले रबरी कप किंवा क्लिपा तळकाचेला लावून त्यांत तार अशा रीतीने बसवावी की ती काचेपासून किंचित वर राहील. तार थेट काचेला चिकटली तर उष्णतेचा मोठा भाग काचेतून खाली स्टँडच्या प्लायवूडमध्ये जातो. दोन वेढ्यांमध्ये पाच ते सात सेंटिमीटर अंतर ठेवावे. वेढे एकमेकांवर येता कामा नयेत, कारण जेथे तारा एकमेकींवर चढतात तेथे उष्णता साचून आवरण भाजते. वळणे गोलसर असावीत, कोपऱ्यात घडी पडू देऊ नये. जेथे मोठे दगड किंवा जड लाकूड ठेवायचे आहे ती जागा आधीच खडूने आखून केबल तिच्या बाजूने न्यावी. दगडाचे टोक वाळूतून हळूहळू खाली सरकते आणि वर्षभराने तारेवर टेकते.

केबल आखडली तर ती ओढून ताणू नये. उबदार खोलीत तासभर सैल पसरून ठेवली की आवरण मऊ होते. सर्व वेढे बसल्यावर न तापणारी टोके मागील कोपऱ्यातून सरळ वर आणावीत, आणि तापणाऱ्या भागाचा एक इंचही थराबाहेर राहिलेला नाही याची खात्री करावी. मगच खडी टाकावी, तीही ओतून नव्हे, तर मगाने सावकाश. टाकी पूर्ण भरून थर भिजेपर्यंत वीज सुरू करू नये, कोरड्या वाळूत केबलची उष्णता बाहेर जाऊ शकत नाही.

वरचा थर कशाचा आणि किती जाड असावा?

केबलवर दोन-तीन सेंटिमीटर दोन मिलिमीटरच्या आसपासची धुतलेली खडी, तिच्यात किंवा तिच्यावर लोह आणि चिकणमाती असलेले द्रव्य, आणि वर एक ते दोन मिलिमीटरची वाळू, असा एकूण आठ ते दहा सेंटिमीटरचा थर योग्य ठरतो. सहा सेंटिमीटरपेक्षा पातळ थरात केबल पृष्ठभागाजवळ येते आणि उष्णता सरळ पाण्यात निसटते. नदीची बारीक पूड-वाळू, विशेषतः बांधकामाची न चाळलेली, टाळावी. ती सिमेंटसारखी बसते आणि मग कोणतीही केबल तिच्यातून पाणी हलवू शकत नाही.

लॅटेराइट म्हणजे आपला जांभाच का? कोकणातला जांभा वापरता येईल का?

होय, तोच. फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारातील या दगडाचे वर्णन १८०७ साली प्रसिद्ध केले, आणि कोकणातील घरांचे चिरे, कासच्या पठाराचा कातळ हे सर्व त्याच कुळातील. जर्मनीतील छांदिष्ट जे लॅटेराइट डब्यातून विकत घेत, ते आपल्याकडे चिरेखाणीत भुग्याच्या रूपाने पडलेले असते.

वापरता येते, पण दोन-तीन गोष्टी जाणून. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असली तरी नत्र, पालाश यांसारखी पोषक द्रव्ये जवळजवळ नसतात. तो लोहाचा साठा आहे, खत नव्हे. त्यातील लोह फॉस्फेटला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे शेवाळ आटोक्यात राहायला कधी मदत होते, तर कधी वनस्पतींनाच फॉस्फेट कमी पडते. खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यातील भुगा अनेक पाण्यांतून धुऊन घ्यावा. भुग्यातील अगदी बारीक लाल पूड चाळून टाकावी, नाहीतर पाणी आठवडाभर चहासारखे दिसेल. उरलेले वाटाण्याहून लहान खडे फक्त खालच्या एक-तृतीयांश थरात मिसळावेत आणि वर स्वच्छ वाळू पसरावी. वनस्पती उपटताना तो थर वर आला तर पुन्हा गढूळपणा येतो, म्हणून या टाकीत वारंवार जागा बदलणे टाळलेले बरे.

चिऱ्याचा भुगा आणायला गेलेल्या माणसाला सड्यावर एखादी सुंदर पाणवनस्पती दिसली तरी ती उपटून आणू नये. साताऱ्याच्या पठारांवरील ॲपोनोजेटॉन सातारेन्सिससारख्या प्रजाती सह्याद्रीबाहेर जगात कोठेही नाहीत, आणि पावसाळा संपताच कंदरूपाने सुप्त होणारी ही वनस्पती बारमाही भरलेल्या टाकीत टिकवणे अवघड असते. क्रिप्टोकोरायन स्पायरॅलिस हवी असल्यास ती रोपवाटिकेत वाढवलेली मिळते.

पोषक दाणेदार मातीखाली केबल लावावी का?

शक्यतो नको. नव्या पोषक मातीतून पहिल्या काही आठवड्यांत अमोनिया सुटतो, आणि तळ तापवल्याने तो अधिक वेगाने वर येतो. अशा मातीचे दाणे मुळातच मोठे आणि सच्छिद्र असल्याने तिला पाणी फिरवण्यासाठी मदतीची गरजही नसते. लावायचीच असेल तर टाकी सायकल होऊन, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तिच्यात स्थिरावून, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यानंतरच सुरू करावी.

अनुबियास, जावा फर्न, मॉस यांना केबलचा फायदा होतो का?

नाही. या वनस्पती लाकडावर आणि दगडावर वाढतात, त्यांची मुळे थरात नसतात. केबलचा विचार फक्त क्रिप्टोकोरायन, इकिनोडोरस, ॲपोनोजेटॉन, कमळकुळातील वनस्पती अशा मुळांवर जगणाऱ्यांसाठीच करावा.

माशांवर काही परिणाम होतो का?

पाण्याचे तापमान योग्य असेल तर होत नाही. डिस्कससारख्या २८ ते ३० अंश मागणाऱ्या माशांच्या टाकीत केबल थंड प्रदेशात उपयोगी पडते. कोरीडोरास मात्र वाळूत तोंड खुपसून चरतात आणि त्यांना गारवा मानवतो, त्यांच्यासाठी तापलेला तळ सोयीचा नाही. पाणी २५ अंशांवरून ३० अंशांवर गेले की त्यात विरघळू शकणारा प्राणवायू लिटरमागे ८.३ मिलिग्रॅमवरून ७.६ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो, हेही विसरू नये.

विजेचा धोका किती?

येथे कोणतीही तडजोड नको. केबल दोन प्रकारच्या असतात. एक थेट २३० व्होल्टवर चालणारी आणि दुसरी ट्रान्सफॉर्मरमधून २४ व्होल्टवर चालणारी. डुप्लाची मूळ पद्धत कमी व्होल्टची होती, आणि पाण्याखाली, वाळूत, न दिसणाऱ्या जागी वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या तारेसाठी तीच शहाणपणाची आहे. ट्रान्सफॉर्मर विलग वेढ्यांचा, नामांकित बनावटीचा असावा आणि त्याची क्षमता केबलपेक्षा निदान २० टक्के अधिक असावी. ५० वॅटची केबल २४ व्होल्टवर सुमारे २.१ अँपिअर घेते, त्यामुळे बारीक जोडतार चालत नाही.

टाकीच्या सर्व प्लगांसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चालू अर्थिंग असायलाच हवे. जुन्या चाळी आणि इमारतींत थ्री-पिन सॉकेट दिसते, पण आत अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्यावे. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी सॉकेटच्या खाली एक वळसा घेऊन वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकते. फरशी तापवण्याची, रोपवाटिकेची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेटीची केबल स्वस्त मिळाली तरी टाकीत वापरू नये. ओलावा सोसणे आणि कायम पाण्याखाली राहणे यांत फार मोठा फरक आहे.

नातेवाइकांनी अमेरिकेतून केबल आणली आहे. ती येथे चालेल का?

थेट जोडू नये. अशा केबलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२० व्होल्टसाठी बनवलेली ५० वॅटची केबल २३० व्होल्टवर लावली तर ती १८० वॅटपेक्षा अधिक ओढते आणि आवरणासकट जळते. उलट येथील केबल तेथे नेली तर ती जेमतेम १४ वॅट देते, म्हणजे धोका नाही पण उपयोगही नाही. २४ व्होल्टची केबल असेल तर ती दोन्हीकडे चालते, बदलावा लागतो तो फक्त ट्रान्सफॉर्मर.

टाकीखाली हीटिंग मॅट ठेवून हेच साधता येईल का?

प्लायवूड, थर्मोकोल, काच आणि मग वाळू अशा क्रमात मॅटची उष्णता असमान पसरते, आणि काचेचा काही भाग तापून काही गार राहिला तर तडा जाऊ शकतो. १९० लिटर पाण्याच्या वजनाखालील काचेशी असला प्रयोग करू नये.

लोडशेडिंगच्या काळात काय होईल?

काही तास वीज गेल्याने तळाच्या थराला काहीही होत नाही, थर उष्णता सावकाश सोडतो. चिंता करायची ती फिल्टरची आणि माशांच्या प्राणवायूची. इन्व्हर्टरवर केबल जोडून बॅटरी संपवण्यापेक्षा बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवावा.

काचेलगत थर काळा पडला आहे आणि बुडबुडे येतात. केबल बंद करावी का?

काळेपणा बहुधा लोह आणि गंधक यांच्या संयुगाचा असतो आणि प्राणवायूविना असलेल्या थरात तो स्वाभाविक आहे. दाबल्यावर येणाऱ्या बुडबुड्यांना वास नसेल तर काळजी नको. कुजक्या अंड्यांचा वास आला, वनस्पतींची मुळे काळी व मऊ झाली, किंवा खोडे बुडातून सुटू लागली, तर थरात सेंद्रिय द्रव्य जास्त झाले आहे. अशा वेळी केबलची शक्ती कमी करावी किंवा ती बंदच करावी, आणि एका वेळी टाकीच्या चौथाई भागातच पातळ काठीने थर हलकासा सैल करावा. वाळूत राहणाऱ्या मलेशियन गोगलगाई हेच काम फुकटात करतात. सगळा थर एकाच दिवशी ढवळला तर त्यातून सुटलेली घाण माशांना बाधू शकते.

बजेट मर्यादित आहे. केबल घ्यावी की आणखी काही?

केबल यादीत शेवटी. आधी कार्बन डायऑक्साइडची नीट नियंत्रित व्यवस्था, मग योग्य प्रकाश आणि टायमर, मग चांगली माती किंवा वाळूखाली खताच्या गोळ्या. क्रिप्टोकोरायनच्या मुळाशी दोन-तीन महिन्यांनी एक खतगोळी खोचली तर केबलच्या मंद प्रवाहाने जे पोहोचवायचे, ते थेट मुळाशी जाते. या तिन्ही गोष्टी नीट बसल्यावरही खोली थंड असेल, तरच केबलचा विचार करावा.

पुरलेली केबल चालू आहे की बंद पडली, हे कसे ओळखावे? बंद पडली तर उकरून काढावी का?

प्लग काढून मल्टिमीटरने तिचा रोध मोजावा. ५० वॅटच्या २३० व्होल्टवाल्या केबलचा रोध सुमारे १,०६० ओहम, आणि त्याच शक्तीच्या २४ व्होल्टवाल्या केबलचा सुमारे ११.५ ओहम असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर आतील तार तुटली आहे. रोध बरोबर असूनही आरसीसीबी पडत असेल तर आवरण कोठेतरी फाटले आहे, आणि ती केबल पुन्हा कधीही जोडू नये.

बंद पडलेली केबल उकरण्याची घाई मात्र करू नये. दोन-तीन वर्षांत इकिनोडोरसची मुळे तारेभोवती इतकी गुंडाळलेली असतात की तार ओढली तर निम्मी टाकी उपटून येते. प्लग कायमचा कापून टाकावा, कापलेली टोके पाण्याच्या पातळीच्या वर कोरड्या जागी टेप गुंडाळून ठेवावीत, आणि तार पुढच्या वेळी टाकी नव्याने लावेपर्यंत तशीच पडू द्यावी. त्या दरम्यान आवरण चिरलेले दिसले, तर मात्र तार तेवढ्यापुरती कापून तुकड्यांनी बाहेर काढावी, एका बाजूने पूर्ण ओढून नव्हे.